रिकाम्या फेरीची नोंद

आक्षेपक : ज्या कामाला विशेषज्ञाची नजर लागते ते काम, उत्साह आणि फुरसत एवढ्या दोनच गोष्टी ज्यांच्यापाशी आहेत अशा माणसांच्या हाती सोपवावे, आणि त्यांनी सुट्टीच्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांच्या राशीस विज्ञान म्हणावे, ही कल्पना मला मुळातच पटत नाही. बंबलबीचेच उदाहरण घ्या, कारण ओरेगनमध्ये मुलीकडे राहत असताना तुम्ही स्वतः तिच्या मोजणीत भाग घेतला आहे. जगात या माशीच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत, आणि एकट्या उत्तर अमेरिकेत पन्नासाच्या आसपास. त्यांतील कित्येकींमधला भेद पोटाच्या एखाद्या वलयावरचे केस पिवळे आहेत की काळे, गाल लांब आहे की आखूड, एवढ्यावर ठरतो. त्यातही राणी, कामकरी आणि नर यांची रूपे निरनिराळी. ज्या रस्टी पॅच्ड बंबलबीचे नाव सर्वतोमुखी झाले तिच्या राणीच्या पाठीवर तो तांबूस डाग मुळी नसतोच. ब्रिटनमध्ये टेरेस्ट्रिस आणि लुकोरम या दोन जातींच्या कामकरी माश्या नुसत्या डोळ्यांनी निश्चयपूर्वक वेगळ्या करता येत नाहीत, असे तिथले जाणकारच सांगतात. कॅनडातील अभ्यासकांनी बंबलबी वॉच या उपक्रमाकडे आलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा हौशी निरीक्षकाने सांगितलेली जात आणि तज्ज्ञाने ठरविलेली जात यांचा मेळ सरासरीने निम्म्याहून थोड्याच अधिक वेळा बसला, हे त्यांनी स्वतःच २०२० साली प्रसिद्ध केले आहे. ज्या दफ्तरात जवळजवळ निम्मी नावे चुकलेली, त्या दफ्तराच्या आधाराने कोणता कारभार चालवायचा?

पुरस्कर्ता : आकडा खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे मला काहीच कारण नाही, परंतु तो निघाला कसा, हे पाहिलेत तर तुमचा आक्षेप निम्म्याने तरी ओसरेल. निरीक्षकाने पाठविले होते ते केवळ नाव नव्हते, छायाचित्र होते. त्या छायाचित्रावर तज्ज्ञाने स्वतंत्रपणे निर्णय दिला, आणि मगच दोघांमधील अंतर मोजता आले. नाव चुकले तरी पुरावा शाबूत राहिला. साक्षीदाराने आरोपीचे नाव चुकीचे सांगितले म्हणून पंचनाम्यात जप्त केलेली वस्तू खोटी ठरत नाही.

ही रीत मी जवळून पाहिली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ओरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या तीन राज्यांत २०१८ पासून बंबलबी ॲटलासचे काम चालते. राज्याच्या नकाशावर चौकोन पाडलेले असतात. त्यांतला एक चौकोन आपण पत्करायचा आणि त्याच्यातली एखादी फुलांची जागा, फार तर एक हेक्टराची, निवडून तिथे पंचेचाळीस मिनिटे हिंडायचे. दिसेल ती प्रत्येक बंबलबी जाळ्यात घेऊन एकेका कुपीत घालायची, ती कोणत्या फुलावर बसली होती ते लिहायचे आणि कुप्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. गारव्याने माशी निश्चेष्ट झाली की तिला कागदावर घ्यायचे आणि समोरून, पाठीवरून, कुशीवरून तिची छायाचित्रे काढायची. एरवी जिच्यावर नजर ठरत नाही ती माशी त्या दोन-तीन मिनिटांत अशी समोर पडलेली असते की मागच्या पायावरच्या परागाच्या गोळीचा रंग, जिभेचे आवरण, कपाळावरची लव, सारे मोजून घ्यावे. मग ऊन लागते आणि पोट धपापू लागते. छातीतले उड्डाणाचे स्नायू पंख न हलविता थरथरू लागतात, त्या थरथरीने ती आपली ऊब आपणच निर्माण करते, आणि आपण वहीत वेळ लिहीपर्यंत कागद रिकामा झालेला असतो. हीच थरथर ती टोमॅटोच्या फुलाला धरून करते आणि आपल्या परिचयाच्या मधमाशीला न झडणारा पराग झाडून घेते; जगभरच्या अनेक काचघरांतला टोमॅटो या एका कौशल्यावर पोसला जातो. हे सगळे दृष्टीस पडलेला मनुष्य पुढच्या खेपेला पोटाचे दुसरे वलय पाहिल्यावाचून नाव सांगण्याची घाई करीत नाही.

आक्षेपक : तुमचे वर्णन मनोवेधक आहे, आणि पकडलेली माशी सुखरूप सुटते हेही मी मान्य करतो. परंतु तुम्ही शिस्तीच्या उपक्रमाची साक्ष काढून बेशिस्त उपक्रमांचा बचाव करीत आहात. जाळे, कुपी, ठरलेली मिनिटे, पत्करलेला चौकोन हे सर्व पाळणारे थोडे. बागेत चहा पिताना एखादी माशी दिसली, छायाचित्र काढले, पाठवून दिले, असे करणारे असंख्य. आणि ज्या जातीसाठी हे सर्व चालले आहे असे म्हणतात, त्या तांबड्या डागाच्या माशीला तर २०१७ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने संकटग्रस्त ठरविले असल्यामुळे परवान्यावाचून जाळ्यात धरण्याचीही मुभा नाही. म्हणजे जिथे नेमकेपणाची गरज सर्वाधिक, तिथेच तुमची कुपी आणि बर्फाची पेटी निरुपयोगी.

पण ओळखीचा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण माझा मुख्य आक्षेप त्याहून खोल आहे. अशा नोंदी नकाशावर मांडल्या म्हणजे जो नकाशा तयार होतो तो माशीचा असतो की माणसांचा? त्या माशीच्या अलीकडच्या नोंदी पाहा : मिनिआपोलिस आणि सेंट पॉल, मॅडिसन, मिलवॉकी, शिकागोचा परिसर. जी माशी एके काळी अमेरिकेच्या पूर्वार्धात आणि कॅनडाच्या आग्नेय भागात सर्वत्र नांदत होती, ती आज विद्यापीठे आणि उद्याने असलेल्या शहरांतच अधिक कशी आढळते? जिथे कॅमेरा आहे तिथे माशी आहे. जिथे मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन आहे आणि रविवारी फिरायला कोणी येत नाही, तिथे माशी नाही असे नव्हे, तिथे पाहणारा नाही. आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या याद्या मांडल्या तरी हेच दिसेल. पुण्यामुंबईभोवती गर्दी आणि गडचिरोलीकडे विरळ ठिपके.

पुरस्कर्ता : पाहणारा जिथे असतो तिथेच दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शहरांतील नोंदींचे एवढेच एक कारण असावे असे मला वाटत नाही. इलिनॉय राज्यात प्रेअरीचा उत्तम प्रतीचा मूळ माळ हजारांत एक भाग देखील उरलेला नाही. बंबलबीची राणी वसंतात एकटी बाहेर पडते, उंदराचे जुने बीळ शोधून त्यात घर मांडते, आणि तिथपासून शरद ऋतूत नव्या राण्या बाहेर पडेपर्यंत त्या कुटुंबाला सलग फुलोरा लागतो. मधमाशीप्रमाणे मोठा साठा करून ठेवण्याची तिची रीत नाही. मक्याच्या समुद्रात जुलैचे दोन आठवडे फुलांवाचून गेले तर घर बुडाले. त्यापेक्षा शहरातल्या परसात कोणी ना कोणी काही ना काही लावलेले असते. म्हणून शहरात माशी अधिक दिसणे हा काही अंशी पाहणाऱ्यांचा परिणाम आणि काही अंशी माशीचीच निवड असू शकते. यातले किती कशाचे, हे आजच्या नोंदींवरून सांगता येत नाही, हा तुमचा मुद्दा मी मानतो. पण ते सांगता यावे यासाठी मक्याच्या बांधावर जाऊन उभे राहणारा माणूस लागेल, आणि तो कोणी पगारी अधिकारी असणार नाही, कारण तेवढे अधिकारी पृथ्वीवर कोठेच नाहीत.

शिवाय हौशी माणसांची मदत ही आजची टूम नव्हे. डार्विनने १८५४ पासून काही वर्षे डाऊन येथील आपल्या घराभोवती नर बंबलबींचे उड्डाणमार्ग शोधले. हे नर ठराविक झुडपापाशी, ठराविक बुंध्यापाशी क्षणभर घोंघावतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. एकट्या माणसाला त्यांचा पाठलाग अशक्य, म्हणून त्याने आपल्या मुलांना एकेका ठिकाणी उभे केले आणि माशी आली की हाक द्यायला सांगितले. काही माश्यांवर पीठही उधळले. वर्षे उलटली, नर बदलले, तरी ठिकाणे तीच राहतात असे त्याला आढळले. ब्रिटनमध्ये १९७० नंतर देशभरच्या हौशी लोकांनी पाठविलेल्या नोंदींतून बंबलबींचे नकाशे तयार झाले, ते १९८० मध्ये ग्रंथरूपाने निघाले, आणि अनेक जातींचे क्षेत्र आक्रसले आहे हे तेव्हा प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. अमेरिकेत २०११ साली चार जातींच्या ऱ्हासाचे जे मोठे अध्ययन प्रसिद्ध झाले, त्यात पूर्वस्थितीचा दाखला म्हणून संग्रहालयांतील ७३ हजारांहून अधिक जुन्या नमुन्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. ते नमुने काही कोणत्या एका योजनेने जमविलेले नव्हते. ज्याला जिथे जे सापडले ते त्याने टाचणीला टोचून ठेवले होते. आज आपण ज्या दफ्तराला निर्दोष विज्ञान म्हणतो ते कालच्या अनियमित उत्साहातूनच भरले गेले आहे.

आक्षेपक : डार्विनची मुले मला फार आवडली, पण ती डार्विनची मुले होती, हे विसरू नका. कोठे उभे राहायचे, कशाला हाक द्यायची, हे सांगणारा मनुष्य हाकेच्या अंतरावर होता. आणि १९७० नंतरच्या नकाशांत क्षेत्र आक्रसलेले दिसले, त्यात माशी किती घटली आणि काही भागांत पाहणारेच किती घटले, ही शंका तिथेही उरतेच. माझा प्रश्न तुम्ही टाळलात असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही त्याला अर्धेच उत्तर दिलेत. एखादी माशी आहे, याचा पुरावा छायाचित्राने मिळतो. ती नाही, याचा पुरावा कशाने मिळतो? संरक्षणाचा सगळा व्यवहार तर या दुसऱ्या प्रश्नावर चालतो. ऱ्हास म्हणजे काय? काल होती, आज नाही. यातले ‘आज नाही’ कोण लिहिणार? हौशी माणसाला जे दिसते ते पाठविण्याची ओढ असते. जे दिसले नाही ते लिहून पाठविण्यात कोणाला गोडी?

पुरस्कर्ता : इथे तुम्ही नेमक्या जागी आलात, आणि मला वाटते की ज्याची तुम्हाला भीती वाटते तेच या कामाचे खरे मोल आहे. स्वयंसेवकाचे मोल त्याच्या डोळ्यांत नाही. तज्ज्ञाचे डोळे त्याहून चांगले असतात, हे उघड आहे. त्याचे मोल तो पुन्हा पुन्हा त्याच जागी जातो, यात आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून चाललेली बीवॉक ही मोजणी पाहा. आपल्या सोयीची एक-दोन किलोमीटरची वाट ठरवायची, मार्च ते ऑक्टोबर दर महिन्यास एकदा त्याच वाटेने जायचे, आणि आपल्यापुढे चार मीटर, दोन्ही बाजूंस दोन-दोन मीटर आणि उंचीला दोन मीटर एवढ्या हलत्या पेटीत जी माशी येईल तेवढीच मोजायची. पेटीबाहेर कितीही दुर्मिळ माशी दिसली तरी ती त्या मोजणीत धरायची नाही. तेव्हा मार्चच्या गार वाऱ्यात एकही माशी न दिसता संपलेली फेरी ही वाया गेलेली फेरी नव्हे. ती नोंद आहे, आणि जून-जुलैच्या भरलेल्या फेरीइतकीच मोलाची नोंद आहे. ओरेगनच्या ॲटलासमध्येही पंचेचाळीस मिनिटांत काही सापडले नाही तर तो तक्ता तसाच पाठवायचा असतो.

नित्यनेमाने काय साधते याचे सर्वांत मोठे उदाहरण जर्मनीतल्या क्रेफेल्डचे. तिथल्या कीटकप्रेमींच्या जुन्या मंडळाने, ज्यात पदवीधारी प्राणिशास्त्रज्ञांपेक्षा हौशी मंडळीच अधिक, १९८९ पासून ठराविक बनावटीचे सापळे संरक्षित क्षेत्रांत लावले आणि सापडलेल्या कीटकांचे वजन घेतले. सत्तावीस वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले आहे, हे त्यातून २०१७ साली जगाला कळले. कोणत्याही विद्यापीठाला सत्तावीस वर्षे तोच सापळा, तीच रीत, तेच वजन एवढ्यासाठी अनुदान मिळाले नसते. हौशी माणसाला अनुदान लागत नाही, म्हणून त्याची मुदतही संपत नाही.

आक्षेपक : क्रेफेल्ड मी मान्य करतो, आणि ते मान्य करताना तुमच्या लक्षात आणून देतो की तिथे माशी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, वजन करायचे होते. बंबलबीच्या क्षेत्रात नित्यनेमाचे जे उदाहरण मला ठाऊक आहे ते हौशी माणसाचे नाही. कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक रॉबिन थॉर्प यांनी ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या चिमुकल्या प्रदेशातच आढळणाऱ्या फ्रँकलिनच्या बंबलबीचा शोध १९९८ पासून दर उन्हाळ्यात घेतला. पहिल्या वर्षी त्यांना ९४ दिसल्या, २००३ मध्ये ३, पुढची दोन वर्षे एकही नाही, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये माउंट ॲशलँडवर एकच कामकरी माशी. त्यानंतर ते जात राहिले आणि ती दिसली नाही. २०१९ साली थॉर्प वारले. २०२१ साली शासनाने ती जात संकटग्रस्त ठरविली. या इतिहासात मला दोन गोष्टी दिसतात. ते शून्य विश्वासार्ह वाटले ते शून्य लिहिणारा मनुष्य थॉर्प होता म्हणून. जिच्या छायाचित्राची शक्यताच नाही त्या अनुपस्थितीला तज्ज्ञाच्या लौकिकावाचून दुसरा आधार नसतो. आणि दुसरे हे की थॉर्पचे शून्य देखील दोनदा फसवे निघाले. २००४ आणि २००५ मध्ये माशी दिसली नव्हती, पण ती होती. नाही तर २००६ ची ती एक आली कोठून?

पुरस्कर्ता : मला याला सोपे उत्तर नाही. एवढे म्हणेन की थॉर्प २००५ मध्ये थांबले असते तर २००६ ची माशी कोणालाच कळली नसती. आणि तीस जणांनी तीस कुरणांत तसाच नेम धरला असता तर त्या दोन शून्यांचा अर्थ अधिक स्पष्ट झाला असता. एका माणसाच्या शून्याला लौकिकाचा आधार लागतो. अनेकांच्या, अनेक वर्षांच्या, वेळ आणि हवामान लिहिलेल्या शून्यांना गणिताचा आधार मिळू शकतो. जिथे माशी असताना ती किती फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत दिसते हे कळले, तिथे न दिसण्याला किती वजन द्यायचे ते काढता येते. पाहणाऱ्यांच्या चुका धरूनच हे गणित मांडलेले असते. म्हणून मी नव्या स्वयंसेवकाला नेहमी सांगतो की दुर्मिळ माशी शोधायला जाऊ नकोस. तुझ्या वाटेवरच्या साध्या माश्या मोज, आणि काही दिसले नाही तर तेही लिही.

आक्षेपक : तसे त्याला सांगताना त्या शून्याचे पुढे काय होते तेही सांगता का? कारण आता आपण प्रयोगशाळेतून कचेरीत येतो. आपल्याकडे पिकांची पैसेवारी काढतात तेव्हा आधी नजर पैसेवारी निघते. ती कोणाच्या तरी डोळ्यांचीच असते, परंतु एकदा कागदावर चढली की गावाला दुष्काळाची सवलत मिळणार की नाही, ते तिच्यावरून ठरू लागते. अमेरिकेतही तेच झाले आहे. तांबड्या डागाच्या माशीच्या खात्रीच्या नोंदी जिथे जिथे आहेत त्या जागांभोवती वन्यजीव खाते क्षेत्रे आखते, आणि त्या क्षेत्रात संघीय पैशाने किंवा परवानगीने रस्ता, पूल किंवा इमारत करायची असेल तर संघीय यंत्रणेशी विचारविनिमय करावा लागतो. म्हणजे तुमच्या हौशी माणसाने बागेत काढलेल्या एका छायाचित्राने कोणाच्या तरी जमिनीवर कायद्याचे वर्तुळ पडते, आणि त्याच्या नोंदवहीतल्या शून्यांच्या मालिकेने ते वर्तुळ पुढेमागे पुसलेही जाऊ शकते. त्या माणसाला माशीचे प्रेम आहे म्हणून तो मोजतो. आपल्या प्रामाणिक शून्याने तिचा माळ मोकळा होईल हे त्याला कळले, तर तो ते शून्य लिहील का? आणि लिहिले नाही, तर तुमच्या गणिताचे काय उरले?

पुरस्कर्ता : शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. काही जण लिहिणार नाहीत, आणि ते काही वाईट माणसे नसतील. पण वर्तुळ असले म्हणजे माळ वाचतो, हेही गृहीत धरू नका. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड शहराच्या विमानतळालगत बेल बोल नावाचा प्रेअरीचा जुना तुकडा होता. मालवाहतुकीच्या विस्तारासाठी तिथून रस्ता जायचा होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तांबड्या डागाची माशी त्या माळावर आढळली आणि काम थांबले. वर्तमानपत्रांत लेख आले, लोकांनी सभा घेतल्या, प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. शेवटी २०२३ च्या मार्चमध्ये, नव्या राण्या जमिनीखाली निद्रिस्त असण्याच्या ऋतूत, यंत्रे लावून त्या माळाचा मोठा भाग सपाट करण्यात आला. तिथे माशी होती याविषयी कोणाचाच वाद नव्हता. नोंद होती, आणि नोंद पुरली नाही. हे सांगताना मला क्लेश होतात, कारण त्या माळासाठी झटलेल्या माणसांनी जे जे करता येईल ते सर्व केले होते.

आक्षेपक : मग माझ्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता? हजारो माणसांचे रविवार, लक्षावधी छायाचित्रे, आणि जिथे निर्णयाची घटका आली तिथे ऋतूचे पंचांग पाहून यंत्र फिरले. मला भीती वाटते ती याची, की मोजणी हा कृतीचा पर्याय होऊन बसतो. मोजणाऱ्याला समाधान मिळते की आपण काही केले. शासनाला समाधान मिळते की जनतेचा सहभाग आहे. आणि या दोन समाधानांच्या मध्ये, फवारणीवर निर्बंध घालणे, काचघरांसाठी पैदास केलेल्या वसाहतींबरोबर रोग पसरतो का याचा कडक तपास करणे, बांधाबांधांवर फुलझाडे राखणे, ही खर्चाची आणि रोषाची कामे पडून राहतात. थॉर्पना तर या ऱ्हासामागे पैदाशीच्या माश्यांबरोबर आलेला रोग असावा असा संशय होता. तो पुरता सिद्ध झाला नाही, पण त्याचा निकाल काही स्वयंसेवकाच्या कॅमेऱ्याने लागणार नाही. त्याला प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेला पैसा लागतो. जे काम सरकारने वेतन देऊन करवायचे ते लोकांच्या सद्भावनेवर ढकलले, की त्या कामाची पदेच हळूहळू अंदाजपत्रकातून नाहीशी होतात.

पुरस्कर्ता : हे शेवटचे मात्र उलटे आहे. स्वयंसेवकांनी पगारी माणसांचे काम कमी केले नाही, वाढविले आहे. येणारे प्रत्येक छायाचित्र कोणा तरी जाणकाराला उघडून पाहावे लागते, आणि असे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. न तपासलेल्या नोंदींचा ढीग हीच या उपक्रमांची नित्याची अडचण आहे. तेव्हा सरकारने पैसा द्यावा, आणि तो आधी तपासणाऱ्यांना द्यावा, या मागणीत मी तुमच्याबरोबर आहे.

पण मोजणी हा कृतीचा पर्याय होतो, हे मला अनुभवाने पटत नाही. ओरेगनमधल्या माझ्या चौकोनाच्या कडेला एका शेतकऱ्याचे कुरण आहे. आम्ही कुपी घेऊन तिथे बसत असू तेव्हा तो पहिल्यांदा संशयाने आला, दुसऱ्यांदा प्रश्न घेऊन आला, आणि नंतर आपणहून विचारू लागला की बांधावरचे गवत कोणत्या महिन्यात कापले तर राण्यांना कमी इजा होईल. त्याला हे कोणत्याही खात्याच्या पत्रकाने विचारायला लावले नसते. एक शेतकरी म्हणजे धोरण नव्हे, हे मी जाणतो. परंतु बेल बोलच्या वेळी सभेत उभे राहिलेले लोक आले कोठून? ज्यांना ती माशी दुरून का होईना ओळखता येत होती, अशांतूनच आले. माळ गेला, पण तो जाताना त्याचे नाव घेणारे शेकडो लोक होते, आणि त्याआधी इलिनॉयमधले हजारो माळ नावावाचून गेले होते. याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. पुढच्या माळाच्या वेळी तो होईल असे मला वाटते. सिद्ध करता येत नाही.

आक्षेपक : तुमचा शेतकरी मला पटतो, आणि खरे सांगायचे तर या संपूर्ण वादात मला पटलेली ती पहिलीच गोष्ट आहे, कारण तिच्यात आकडा नाही. पण मग तुम्ही मला सांगा, तुम्हाला नेमके काय हवे आहे : माणसांनी माशी ओळखावी, की दफ्तर विश्वासार्ह व्हावे? पहिल्यासाठी चुका चालतात, रविवार चालतो, बाग चालते. दुसऱ्यासाठी यांपैकी काहीच चालत नाही. तिथे ठरलेली वाट, ठरलेली पेटी आणि रिकामी फेरी लागते, आणि ती वर्षानुवर्षे करणारे लोक नेहमीच थोडे असतात. एकाच नावाखाली तुम्ही दोन निराळी कामे चालवीत आहात, आणि पहिल्याची लोकप्रियता दाखवून दुसऱ्याची प्रतिष्ठा मागत आहात.

पुरस्कर्ता : दोन्ही हवी आहेत, आणि ती निराळी आहेत हे तुम्ही म्हणता ते मी आज प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य करतो. माझा आग्रह एवढाच की दुसरे काम करणारे थोडे लोक पहिल्यातूनच येतात. दुसरीकडून येण्याची वाट मला दिसत नाही. बागेत छायाचित्र काढणाऱ्या शंभरांपैकी दोघे वाट पत्करतात, आणि त्या दोघांपैकी एक दहाव्या वर्षीही मार्चमध्ये जातो.

आक्षेपक : त्या एकाच्या शून्याकडे परत या. त्याच्या वाटेच्या टोकाला उद्या कोणाला गोदाम बांधायचे आहे, आणि गोदामवाल्याचा वकील त्याची वही मागतो : दहा वर्षांत ऐंशी फेऱ्या, तांबड्या डागाची माशी एकदाही नाही. तुमच्या गणिताने सांगा, माशी तिथे नाही का?

पुरस्कर्ता : माझे गणित सांगेल की असण्याची शक्यता थोडी आहे, आणि किती थोडी तेही सांगेल. नाही, असे ते कधीच म्हणणार नाही.

आक्षेपक : आणि वकिलाला ‘थोडी’ हा शब्द ‘नाही’ असाच वाचता येतो.

पुरस्कर्ता : म्हणून किती फेऱ्या, कोणत्या ऋतूत, किती वर्षे रिकाम्या गेल्या म्हणजे कायद्याने ‘नाही’ म्हणावे, हे आधी ठरले पाहिजे, आणि ते गोदामाचा अर्ज येण्यापूर्वी ठरले पाहिजे. प्रकल्पापूर्वी ऋतूत ठराविक फेऱ्या करून शोध घ्यावा अशी रीत वन्यजीव खात्याने घालून दिलेली आहे. पण एका ऋतूच्या फेऱ्यांनी मिळालेला नकार आणि दहा वर्षांच्या फेऱ्यांनी मिळालेला नकार यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही.

आक्षेपक : मुदत तुम्ही सुचवा. फ्रँकलिनची माशी दोन वर्षे दिसली नाही आणि तिसऱ्या वर्षी दिसली. त्यानंतर पंधरा वर्षे दिसली नाही, तरी शासनाने तिला नामशेष न म्हणता संकटग्रस्त म्हटले, आणि मला वाटते योग्य तेच केले. दोन वर्षे कमी झाली. पंधरा वर्षे कोणताही गोदामवाला थांबणार नाही. यांच्यामध्ये तुमची रेघ कोठे?

पुरस्कर्ता : मला ती आज सांगता येत नाही. पण ती रेघ मारायला बसणाऱ्या समितीपुढे ठेवण्यासाठी ऐंशी रिकाम्या फेऱ्यांची ती वही असावी, असे मला वाटते. आणि तुम्हाला, मी समजतो, ती नसलेली बरी वाटते.

आक्षेपक : नाही. ती असावी, पण ती कोणाच्या ताब्यात असावी, आणि मागणाऱ्याला ती देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार ती लिहिणाऱ्याला असावा की नाही, हे ठरल्यावाचून मी माझ्या ओळखीच्या कोणालाही तिच्यात पहिले शून्य लिहायला सांगणार नाही.

पुरस्कर्ता : आणि मी सांगेन, परंतु यापुढे हेही सांगून सांगेन.